चांदीचा फ्यूज

१ जानेवारी, बुधवार

दागिन्यांच्या दुकानांतून नव्या वर्षाच्या डायऱ्या आल्या, त्यातली एक मी ठेवून घेतली. पुठ्ठ्यावर गळाभर हार घातलेली बाई होती, तिच्यावर खाकी कागद चिकटवला. आजपासून गाडीच्या कामाची नोंद ठेवणार. पुढेमागे माझं गॅरेज झालं की लोक विचारणार, सुरुवात कशी केली. तेव्हा आठवत बसायला नको.

गाडी: जुनी बुलेट. मी स्वतः कापली, जोडली, रंगवली. मागचं मडगार्ड अर्धं. सीट एकच, खाली स्प्रिंगा. टाकी काळी. टाकीखाली निळ्या लाइटची पट्टी. असली गाडी अख्ख्या त्रिशूरात दुसरी नाही.

दोष: एकच. बॅटरी उतरते. किरकोळ आहे.

संकल्प: बॅटरीचा विषय या आठवड्यात संपवणे. भानुदासमामाला उलट न बोलणे. रोज लिहिणे.

४ जानेवारी, शनिवार

मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. बॅटरी दोनदा उतरली.

आज मात्र मोठी गोष्ट. घरमालक लोनप्पनचेट्टन (चेट्टन म्हणजे इकडचं दादा) यांची मुलगी लिन्सी दुकानात आली. (आमचं गलाईचं दुकान त्यांच्याच घराच्या खालच्या खोल्यांत आहे. सोनारांकडून आलेली मोड आणि धूळ गाळून आम्ही सोनं-चांदी वेगळी करतो. मामा मालक, मी कारागीर. नववीत शाळेचं आणि माझं पटलं नाही, तेव्हापासून मी विट्याकडून इकडे.) लिन्सी नर्स आहे. नऊ फेब्रुवारीला तिचं लग्न, लगेच नवऱ्याबरोबर आयर्लंडला जाणार. तिला लहानपणापासून मोटरसायकलचं वेड. बापाने स्कूटरच्या पुढे जाऊ दिलं नाही. पडलीस तर तुझ्याशी लग्न कोण करणार, हे एकच उत्तर. आता लग्नच ठरलं, तर तिने बापाला त्याच उत्तरात पकडलं. चेट्टन एकदाच तयार झाले: लग्न लागलं की टेकडीवरच्या चर्चपासून खालच्या हॉलपर्यंत, तिने स्वतः चालवत यायचं. एवढा एक रस्ता. मग आयर्लंड.

तिला माझी गाडी हवी आहे. गावात एवढ्या गाड्या असताना माझी.

तिने देशील का असं विचारलंच नाही. चालू होते का, असं विचारलं. मी म्हटलं, झोपेतसुद्धा. ती निळ्या पट्टीकडे बघत म्हणाली, चावी काढलेली असतानाही ही का जळते. मी म्हटलं, थेट बॅटरीवर घेतली आहे, शोभा म्हणून; गाडी उभी असली तरी जिवंत वाटते. ती म्हणाली, मग झोपते कधी.

नर्स लोकांना सगळीकडे पेशंटच दिसतात.

शब्द दिला.

६ जानेवारी, सोमवार

गाडी कुठे ठेवायची यावरून मामाशी बोलाचाली. संकल्प दुसरा मोडला, पण दोष मामाचा.

मी गाडी मागच्या खोलीत ठेवतो. तिथे तेजाबाचं काम चालतं. धुराड्याच्या बाजूची जागा मोकळी असते. बाहेर ठेवली तर दव पडतं, आंब्याची पानं पडतात, शाळेची पोरं हात लावतात. आत कशी, चादर घालून, ऐटीत.

मामा म्हणतो, "आरं लेका, त्या खोलीत खिळा टिकत न्हाई. पंख्याची जाळी वर्साला बदलतोय मी. हातातलं घड्याळ मी हितं फुडं काढून ठेवतो आन् मग आत जातो. तू गाडी नेऊन लावतुयास."

मी म्हटलं, घड्याळ नाजूक वस्तू. गाडी लोखंडाची आहे.

मामाला पटलं. तो भाकरी घेऊन बसला.

९ जानेवारी, गुरुवार

निर्णय घेतला. जुनी बॅटरीच खराब. नवी आणली. एका किकला गाडी सुरू झाली. शेजारची कापडवाली बाई दचकून बाहेर आली. मामालाही ऐकू जावं म्हणून आणखी दोनदा बंद करून सुरू केली.

विषय संपला. आठवड्याच्या आत नाही, पण एक दिवस इकडेतिकडे चालतो.

११ जानेवारी, शनिवार

नवी बॅटरी उतरली.

हल्ली नव्या मालात काही दम राहिलेला नाही.

१२ जानेवारी, रविवार

चर्च सुटल्यावर दासनआशानच्या गॅरेजवर गेलो. इकडे जुन्या मिस्त्रीला आशान म्हणतात. दासनला स्वतःलाच आशान म्हणवून घ्यायला आवडतं, कामाचं नंतर बघू. स्टुलावरून उठला नाही. एका हातात फोन, फोनवर निवडणुकीचं भांडण. दुसऱ्या हाताने मीटर लावला. गाडी चालू ठेवून म्हणाला, बघ, बारा. मी म्हटलं, बारा व्होल्टची गाडी आहे, बारा दाखवतेय, अजून काय पाहिजे.

तो म्हणाला, इंजिन चालू असताना चौदापर्यंत चढायला हवं. तुझं इंजिन वीज बनवतंय, पण ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी अडतेय. आणि जे बॅटरीत आहे ते तो निळा दिवा रात्रभर पितो.

मग सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला (आम्हा गलाईवाल्यांना इकडे सेट्टू म्हणतात), "सेट्टू, देवापुढे अखंड दिवा लावलायस, पण तेल घालायला कुणी नाही."

सगळे हसले. मीही हसलो, समजूतदारपणे. दोन महिने गाडी ठेवून जा म्हणाला. दोन महिन्यांत लिन्सी आयर्लंडला पोचलेली असेल, गाडीची कॉपी मारून दासन मोकळा. मी तेवढा वेडा नाही.

संकल्प: वायरिंग स्वतः बघणे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीला आईने पाठवलेले तिळाचे लाडू आज पोचले. ते खात खात सीट काढली.

खालची सगळी जोडणी उघडली. वायरींच्या टोकांना हिरवी भुकटी. एका ठिकाणी नाही, सगळीकडे. काही पिना हात लावताच गळून पडल्या. थोडा वेळ विचार केला. कारण सापडलं: समुद्राची हवा. समुद्र इथून लांब आहे, पण वारा काय विचारून येतो? केरळची हवाच खारट.

उपाय माझ्या हातातला. तांबं साफ करायला तेजाबासारखी वस्तू नाही, हे आमच्या धंद्यात पोरंसुद्धा जाणतात. पाण्यात थोडं तेजाब टाकून सगळी टोकं ब्रशने घासली. अशी चमकली की बघत राहावं. दासनने जन्मात एवढं स्वच्छ काम केलं नसेल.

चादर घालून गाडी परत जागेवर.

१७ जानेवारी, शुक्रवार

भुकटी परत आली. पहिल्यापेक्षा जास्त हिरवी.

वारा फारच सुटलेला असणार.

२० जानेवारी, सोमवार

अंबू पेरुन्नाळ. म्हणजे संत सेबास्त्यानोसचा बाण घेऊन मिरवणूक घरोघर जाते. बँड, रंगीत छत्र्या, घराघरावर लायटिंग. त्यांच्या लायटिंगला बॅटरीचा त्रास नसतो, वायर सरळ खांबावर.

मी गाडी काढली. लोकांना दाखवणं भाग आहे, त्याशिवाय गॅरेजचं नाव होत नाही. गल्लीच्या तोंडाशी आलो, समोरून मिरवणूक वळली, आणि गाडी बंद. किक मारली. किक मारली. निळी पट्टीसुद्धा विझली.

गल्ली अरुंद. मी मधे. मागे सरकायला जागा नाही, कारण मागे लोनप्पनचेट्टन यांची पाहुणे मंडळी ताटं घेऊन उभी. बँडवाले थांबले, पण वाजवायचं कसं थांबवणार, सणाचा दिवस. ते माझ्या तोंडासमोर वाजवत राहिले. मागच्यांना वाटलं इथे काही मानाचं ठिकाण आहे. कुणीतरी हँडलला माळ घातली. फटाक्यांची लड लावणार होते, चेट्टननी हात धरला.

शेवटी लिन्सी आली. नवी साडी खोचून तिने मागून गाडी ढकलली, मी हँडल धरलं. गाडी दुकानाच्या ओट्याला लागली तेव्हा हात झटकत ती म्हणाली, "नऊ तारखेला मी ढकलणार नाही हं, उत्तमा."

मी म्हटलं, आज मुद्दामच बंद केली, मिरवणुकीला आवाजाचा त्रास नको म्हणून.

हँडलवरची माळ काढून ती संताच्या चौथऱ्यावर ठेवून आली.

२४ जानेवारी, शुक्रवार

तिसरी बॅटरी. मोठी. ट्रॅक्टरला लावतात तसली नाही, पण तिच्या जवळची. सीटखाली मावेना, म्हणून बाजूला पत्र्याची पेटी जोडली. दिसायला तर आणखीच भारी झाली.

मामा म्हणाला निळा दिवा काढ. लिन्सी म्हणाली निळा दिवा काढ. दासनने फोनवरचं भांडण थांबवून निरोप पाठवला, निळा दिवा काढ. तिघांनी आपसात ठरवलेलं दिसतंय.

पट्टी ठेवली. माणसाला स्वतःचं काही मत असतं.

२७ जानेवारी, सोमवार

भंगारवाल्याकडे बसचा हॉर्न मिळाला, दोन तोंडांचा. नवरी येते आहे हे हॉलमध्ये आधी कळायला नको? लावला. दाबला. गल्लीत दोन कुत्री उठून बसली, मग हॉर्न बंद, लाइट बंद, सगळं बंद. फ्यूज गेला.

दुसरा टाकला. दाबला. गेला.

तिसरा. गेला. कुत्री आता उठेनात.

२८ जानेवारी, मंगळवार

विचार केला. फ्यूज ही मुळात कमजोर वस्तू. जळण्यासाठीच बनवतात. असली वस्तू गाडीत ठेवायचीच कशाला?

मग सुचलं. अंगावर काटा आला, खरं सांगतो. चांदी. चांदीइतकी वीज दुनियेत दुसरा धातू नेत नाही, हे भट्टीवरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. दुकानात काल ओढलेल्या तारेचा एक तुकडा होता, बोटाएवढा, शुद्ध. दुमडून पीळ दिला, फ्यूजच्या जागी घट्ट बसवला. तुकडा काम झाल्यावर परत ठेवीन. मामाला सांगितलं नाही, कारण तो तेव्हा बाहेर होता. आल्यावर सांगितलं नाही, कारण तेव्हा मी बाहेर होतो.

हॉर्न दाबला. पहिल्यांदाच पूर्ण वाजला. दाबून धरला. तरी काही झालं नाही. सीटखाली वायर थोडी ऊबदार लागली. थंडीचे दिवस आहेत, बरंच आहे.

असा फ्यूज कुठल्या कारखान्याला सुचला नाही. नववी नापास उत्तमला सुचला.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस फ्यूज गेलेला नाही. बॅटरी उतरते, पण फ्यूज जात नाही. प्रगती आहे. रोज बॅटरी काढून शेजारच्या मोबाइलवाल्याकडे चार्जिंगला देतो, त्यामुळे ती उतरल्याचं कुणाला कळत नाही.

आज मामाला सांगून टाकलं. लग्न झालं की मी भट्टी सोडणार. हॉलमध्ये सगळी माणसं गाडी बघतील, कामं येतील. गॅरेजला जागा बघून ठेवली आहे, दासनच्या समोरच. जन्मभर तेजाबाचा लाल धूर छातीत घ्यायला मी जन्मलेलो नाही.

मामा भट्टीवर सोनं वितळवायची मूस हलवत होता. खाली बघतच म्हणाला, "जा की. पर ती मूस उतरवून जा आधी."

त्याला वाईट वाटलं असणार. दाखवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

लिन्सीला आज सराव द्यायचा होता. बॅटरी नेमकी मोबाइलवाल्याकडे, आणि तो रविवारी बंद. तिला सांगितलं, गाडीला विश्रांती देतोय, घोड्याला देतात तशी.

संध्याकाळी कळलं, ती शाळेच्या मैदानावर दासनच्या जुन्या गाडीवर शिकली. तीन फेऱ्यांत गिअर जमले. दासन स्टूल घेऊन मैदानावर आला होता म्हणे, तिथेही बसूनच शिकवलं.

मला वाईट वाटलं नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिन्सी दुपारी आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही, मागच्या खोलीत धूर होता. आज हसत नव्हती.

म्हणाली, "उत्तमा, मला एकदाच मिळणार आहे. नंतर पोरंबाळं, ड्युट्या, तिकडचा बर्फ. अप्पच्चन पुन्हा हो म्हणणार नाहीत. तुझी गाडी मला आवडते, पण नाही जमणार असेल तर आत्ता सांग. दासनआशानची गाडी आहे. मी रागावणार नाही."

एवढं ती एकदम बोलली.

दासनची गाडी. मळकी, पिवळ्या दिव्याची, सीटला शिवण मारलेली. तिच्यावर नवरी.

मी म्हटलं, जमणार. मी म्हटलं, दासनला निरोप पाठव की गरज नाही. तिने माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि तसा निरोप पाठवला, माझ्यासमोर.

ती गेल्यावर मागे जाऊन सीट काढून बघितलं. पुन्हा हिरवं. काही वायरींची सालं कडक होऊन तडकली आहेत. वरून काळी टेप गुंडाळली. टेप चांगली आणली होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

मधुरंवेप्प. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला सगळे गोड भरवतात. मीही भरवलं. मामाने धुतलेला सदरा घातला होता आणि तो अप्पम-इष्टू तीनदा वाढून घेत होता. लोनप्पनचेट्टन माझा हात धरून म्हणाले, मोने (म्हणजे बाळा), तुझ्या भरवशावर हो म्हटलंय, पोरगी पडायला नको. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, चेट्टा, माझ्या गाडीवरून आजपर्यंत कुणी पडलेलं नाही. (खरंच आहे. माझ्याशिवाय कुणी बसलेलंच नाही, आणि मी पडलो तेव्हा ती उभी होती.)

बॅटरी फुल्ल चार्ज करून लावली. एका किकला सुरू. हॉर्न, लाइट, निळी पट्टी, सगळं. पाहुण्यांनी फोटो काढले. एकाने विचारलं कुणी बनवली. मी सूचक हसलो.

रात्रभर कुणी हात लावू नये म्हणून गाडी मागच्या खोलीत, दार बंद. सोमवारचा माल असल्याने मामाने आजच तेजाबाचा मोठा घाणा लावला आहे. लावू दे. उद्या या वेळी मी गॅरेजवाला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ७. गाडी पुसली. अंघोळ केली. परत गाडी पुसली.

सकाळी ९.३०. गाडी चर्चच्या फाटकाशी उभी. हँडलला मोगऱ्याचे गजरे. खाली हॉल दिसतो, सरळ उतार. व्हिडिओवाला म्हणतो सुरुवात इथूनच घेऊ.

११.४०. लग्न लागलं. घंटा वाजतात. गाडी सुरू करून ठेवतो, गरम झालेली बरी.

संध्याकाळ.

जे झालं ते क्रमाने लिहितो. गाडी एका किकला सुरू झाली, हे आधी लिहून ठेवतो.

लिन्सी आणि नवरा डेन्नीस पायऱ्या उतरत होते. मी लाइट लावला, आणि सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून हॉर्न दाबून धरला. तो वाजला. मग सोडला तरी वाजतच राहिला. मग सीटखालून धूर आला, आधी पांढरा, मग काळा. मी गाडी बंद केली, चावी खिशात घातली. हॉर्न वाजतोच. टेप वितळून थेंब पडायला लागले. सगळं एकाला एक चिकटलं होतं, आणि फ्यूज काही केल्या जाईना.

दासन पाहुण्यांत होता. पहिल्यांदाच त्याला उठलेला बघितलं. बॅटरीची वायर त्याने पक्कडीने तोडली. हॉर्न थांबला. लोनप्पनचेट्टननी पाहुण्यांसाठी भरलेलं सरबताचं पिंप गाडीवर ओतलं, लिंबाच्या फोडांसकट. धूर थांबला. सगळं शांत.

मी म्हटलं, पाच मिनिटांत होईल. कुणी ऐकलं नाही. दासन म्हणाला माझी गाडी घरी आहे, वीस मिनिटं. चेट्टन म्हणाले नको, देवाची इच्छा दिसते, कारने चला. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली केला.

लिन्सी पायरीवरच उभी. पांढरी साडी, डोक्यावर जाळी, हातात फुलं. ती गाडीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मी टाकीवरची लिंबाची फोड काढत होतो.

ती म्हणाली, "उतार आहे ना?"

कुणाला कळलं नाही.

"उतार आहे ना इथून हॉलपर्यंत? ब्रेकला बॅटरी लागत नाही. मी बसणार. तुम्ही ढकला."

चेट्टन काहीतरी बोलणार होते, तिने फुलं त्यांच्या हातात दिली. साडी गुंडाळून सीटवर बसली. सीट एकच, म्हणून डेन्नीसला बसायला जागा नाही. तोही सूट घालून मागे ढकलायला. मी डावीकडे, तो उजवीकडे, मामा मडगार्डला. मामा म्हणाला, "उत्त्या, मडगार्ड अर्ध्यातच का कापलंस रं, धरू कुठं?"

गाडी सुटली. आवाज नाही, धूर नाही, नुसता चाकांचा सळसळ आवाज. थोडं पुढे गेल्यावर ढकलायचीही गरज राहिली नाही, ती आपोआप पळायला लागली आणि आम्ही मागे धावायला लागलो. लोनप्पनचेट्टन मुंडू वर खोचून तिच्या पुढे पुढे उलटे धावत होते, दोन्ही हात पसरून, कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि ओरडत होते, समोर बघ मोळे, समोर बघ पोरी. त्यांना गाडीची काळजी वाटत असणार. लिन्सी हसत होती. एवढं हसताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. हॉलच्या दाराशी तिने ब्रेक दाबला, गाडी थांबली, चेट्टन हँडलला येऊन धडकले आणि तिथेच तिला धरून उभे राहिले. बराच वेळ.

ब्रेक मी जोडले होते. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवायला मी उशिरा बसलो. हातांना काळं लागलं होतं, ते साबणाने गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

व्हिडिओ आला. सगळ्या त्रिशूरने बघितला असं कापडवाली म्हणाली. गाडी काय दिसते. खाली कुणीतरी लिहिलंय, गाडी चालवणारी नवरी पाहिली, पण एवढी मऊ चालवणारी नाही पाहिली. व्हिडिओवाल्याने मागून बुलेटचा आवाज घातला आहे. आवाज ऐकल्यावर ओळखला. दासनच्या गाडीचा.

मला कापलेलं आहे. वळणाजवळ माझा हात दिसतो, कोपरापर्यंत. चार वेळा थांबवून बघितला. माझाच आहे.

कामं मात्र आली. दोन फोन. एकाला गाडी बघायची होती, पण चालू अवस्थेत. दुसरा व्हिडिओवाला, पुढच्या लग्नात उभी करायला मागतो, फोटोपुरती. चालू नसली तर बरंच, म्हणाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिन्सी निरोप घ्यायला आली. मामाला पेढे, मला पेढे. मी म्हटलं, पुढच्या वेळी आलीस की सुरू करून देतो. तिने मान हलवली. म्हणाली, "आवाज नव्हता म्हणून अप्पच्चनचं बोलणं ऐकू आलं मला, अख्खा उतारभर." जाता जाता म्हणाली, "पण ती गाडी धुरातून बाहेर काढ, उत्तमा."

त्या दिवशीच्या धुराचं म्हणत असेल. तो तर केव्हाच विझला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामाने काल तारेचं वजन केलं. गलाईत झाडलेली धूळसुद्धा वजन करून ठेवतात, तर बोटभर चांदी कशी लपणार. मी खरं सांगितलं. मामा रागावला नाही, हे जास्त अवघड गेलं. म्हणाला, "जा, वायरिंग काढून आण सगळं. त्यातनं काढू."

काढून आणलं. वरचं प्लास्टिक आधीच जळालेलं, तेवढी मेहनत वाचली. फ्यूजच्या जागेचा गोळा झाला होता, चांदी आणि तांबं एकमेकांत गेलेलं. मामाने तेजाबात सोडला. लाल धूर निघाला, पाणी हिरवंनिळं झालं. तो हिरवा रंग मी अलीकडे कुठेतरी बघितला आहे. कुठे ते आत्ता आठवत नाही.

पाण्यात मीठ टाकलं, चांदी खाली बसली, मूस लावली. शेवटी एवढीशी गोळी निघाली, हरभऱ्याएवढी. मामाने दगडावर घासून बघितली. म्हणाला, "सगळ्या गाडीत एवढीच वस्तू खरी निघाली."

ती तारेच्या डब्यात परत ठेवली. उद्यापासून भट्टीवर मी, सकाळची पाळी.

गाडी आता बाहेर आंब्याखाली ठेवतो. आत जागा कशाला अडवायची, खराब होण्यासारखं तिच्यात काही राहिलेलं नाही.

दुपारी सहज बॅटरीला मीटर लावला. फुल्ल. नऊ तारखेपासून एका टक्क्यानेही उतरलेली नाही. म्हणजे बॅटरी चांगली होती, दोष वायरिंगचाच. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.